बँकेने कापलेले चार्जेस परत कसे मागायचे: नियम, कागदपत्रे आणि अर्जाचा मार्ग

पासबुक छापून आणले की बहुतेकजण फक्त शेवटची शिल्लक पाहतात. मधल्या ओळींत कुठे ११८ रुपये, कुठे ४३६, कुठे १७ रुपये ७० पैसे वजा झालेले असतात आणि शेजारी इंग्रजीत चार-पाच तुटक अक्षरे असतात. काउंटरवर विचारले तर उत्तर येते, "सिस्टीमने कापले." सिस्टीम आपल्या मनाने काही कापत नाही. प्रत्येक कपातीमागे बँकेचा एखादा नियम, ग्राहकाला दिलेली सूचना किंवा ग्राहकाची संमती असावी लागते. यातले काहीच दाखवता आले नाही, तर पैसे परत मागता येतात.

म्हणून मागणी कोणत्या शब्दांत करायची, हे फार महत्त्वाचे आहे. "चार्ज खूप जास्त आहे" ही तक्रार सहसा टिकत नाही, कारण बहुतेक सेवांचे दर ठरवण्याची मोकळीक रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे. "हा चार्ज कोणत्या नियमाने लावला, मला कधी कळवले आणि माझी संमती कुठे आहे?" या प्रश्नाचे उत्तर मात्र बँकेला कागदावर द्यावे लागते. आपला अर्ज या तीन मुद्द्यांवरच उभा करायचा.

सर्वाधिक पैसे जातात ते किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडात, आणि ग्राहकाची बाजू भक्कम असते तीही इथेच. रिझर्व्ह बँकेचे २० नोव्हेंबर २०१४ चे परिपत्रक १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे आणि ती भरून काढायला किमान एक महिना द्यायचा, असे त्यात सांगितले आहे. त्या मुदतीतही शिल्लक भरली नाही, तरच दंड लावता येतो. दंडही सरसकट नसतो, कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात असतो. ३,००० रुपये ठेवायचे होते आणि खात्यात २,७०० होते, तर हिशेब ३०० रुपयांवर व्हायला हवा. ज्याच्या खात्यात काहीच नव्हते आणि ज्याचे ३०० कमी पडले, त्या दोघांना सारखाच दंड लावणे या परिपत्रकात बसत नाही. केवळ दंडामुळे बचत खाते उणे जाऊ नये, असेही त्यात स्पष्ट आहे. उणे शिल्लक दिसते म्हणून आधी पैसे भरा, मग खाते बंद करू, असे सांगितले गेले तर हाच मुद्दा लेखी मांडा. बँकेला किमान शिल्लकेची रक्कमच बदलायची असेल, तर खातेदारांना निदान महिनाभर आधी कळवावे लागते.

दोन वर्षे खातेदाराने स्वतः कोणताही व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय ठरते. १ एप्रिल २०२४ पासून अशा खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा सुरू करण्यासाठीही पैसे घेता येत नाहीत. नोकरी बदलल्यावर मागे पडलेली पगाराची खाती आणि गावाकडच्या आई-वडिलांची जुनी खाती या नजरेने जरूर तपासावीत. मूलभूत बचत ठेव खाते किंवा जनधन खाते असेल, तर किमान शिल्लकेची अटच नसते.

विम्याचा हप्ता हा दुसरा मोठा प्रश्न. वर्षाला ४३६ रुपये वजा होत असतील तर ती बहुधा प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना असते. २० रुपये असतील तर सुरक्षा विमा योजना. दोन्ही योजना गरीब कुटुंबांच्या खऱ्या उपयोगाच्या आहेत, त्यामुळे रक्कम दिसताच बंद करू नका, घरात आधी विचारा. पण खातेदाराच्या संमतीशिवाय त्या सुरू करता येत नाहीत. सही केलेली नसेल, मोबाइलवरूनही होकार दिलेला नसेल, तर बँकेकडे एकच गोष्ट मागा: संमतीची नोंद किंवा अर्जाची प्रत. न मागता क्रेडिट कार्ड पाठवून त्याचे बिल लावले असेल, तर बँकेला ती रक्कम रद्द करावी लागतेच, शिवाय तिच्या दुप्पट दंडही ग्राहकाला द्यावा लागतो.

एसएमएसचे शुल्क प्रत्यक्ष वापरानुसार घ्यावे, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावले आहे. एटीएममध्ये रोकड नव्हती किंवा यंत्र बिघडले म्हणून व्यवहार फसला, तर तो मोफत व्यवहारांत मोजायचा नसतो. पैसे हातात न येता खात्यातून वजा झाले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत यायला हवेत. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, आणि ती ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता बँकेने द्यायची असते. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज वैयक्तिक नावावर असेल, तर मुदतीआधी फेडल्याबद्दल शुल्क घेता येत नाही. हप्ता थकल्याबद्दलचा दंड व्याज म्हणून आकारता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याजही चढवता येत नाही.

काही पैसे मात्र सहसा परत मिळत नाहीत. स्वतःच्या खात्यात पैसे नसल्याने धनादेश न वटणे, मोफत मर्यादेपलीकडे एटीएम वापरणे, दरपत्रकात असलेले आणि आधी कळवलेले डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क ही त्यातली नेहमीची. एकदाच झालेली चूक असेल तर शाखा व्यवस्थापकाला विनंती करून पाहावी. पण ती विनंती ठरेल, हक्क नव्हे.

ज्याचे खाते त्याने अर्ज करायचा. संयुक्त खात्यात कोणीही एक खातेदार करू शकतो. कागद फारसे लागत नाहीत. वादातली ओळ दिसेल असा खाते उतारा किंवा पासबुकाच्या पानाची प्रत, बँकेचे त्या काळातले दरपत्रक (संकेतस्थळावर असते, शाखेच्या सूचना फलकावरही असायला हवे) आणि बँकेचे आलेले एसएमएस असतील तर त्यांची छायाचित्रे एवढे पुरते. मोबाइल क्रमांक किंवा पत्ता बदलला असेल, तर तो बँकेत कधी नोंदवला त्याचा पुरावाही जोडा. "आम्ही एसएमएस पाठवला होता" हे उत्तर हमखास येते, आणि तो जुन्या क्रमांकावर गेला असेल तर हाच कागद कामी येतो.

अर्ज मराठीत, साध्या कागदावर चालतो. मजकूर असा ठेवा:

"माझ्या बचत खाते क्रमांक ____ मधून दिनांक ____ रोजी ____ या नोंदीने रुपये ____ वजा झाले आहेत. या आकारणीचा नियम, मला दिलेल्या पूर्वसूचनेची तारीख व माध्यम आणि माझ्या संमतीची प्रत लेखी द्यावी. हे उपलब्ध नसल्यास सदर रक्कम त्यावरील जीएसटीसह माझ्या खात्यात जमा करावी. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करेन."

दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. शिक्का द्यायला शाखा टाळाटाळ करत असेल तर वाद घालत बसू नका. स्पीड पोस्टाने पाठवा किंवा बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवून क्रमांक जपून ठेवा. तोंडी विचारणा पुढे कुठेच मोजली जात नाही. मोठ्या बँकांत तक्रार पूर्ण किंवा अंशतः नाकारायची असेल, तर ती आधी अंतर्गत लोकपालाकडे (नाकारलेल्या तक्रारी पुन्हा तपासणाऱ्या, बँकेनेच नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) पाठवावी लागते. नकार आलाच तर ती पाठवली होती का, हे विचारा.

तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, की पुढची पायरी रिझर्व्ह बँकेची. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी तीन जुन्या योजना एकत्र करून एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाली. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर करता येते. मोबाइलवर ओटीपी येतो, मग बँक, खाते, रक्कम, बँकेकडे तक्रार केल्याची तारीख भरायची आणि कागद जोडायचे. शुल्क काही नाही. इंटरनेट जमत नसेल तर कागदी तक्रार रिझर्व्ह बँकेच्या चंदीगड येथील केंद्रात (सेक्टर १७, पिन १६००१७) पाठवता येते, आणि ती मराठीत चालते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वृद्ध आईसाठी मुलगा अधिकारपत्र घेऊन तक्रार करू शकतो. वकिलामार्फत मात्र करता येत नाही.

बँकेकडे आधी न जाता, किंवा तिचे उत्तर आलेले नसताना तीस दिवस पूर्ण व्हायच्या आत केलेली तक्रार छाननीतच बंद होते. तेच प्रकरण न्यायालयात चालू असेल तरी बंद होते. उलट उगाच उशीरही करू नका. तीस दिवस उलटले की त्याच आठवड्यात पोर्टल उघडा.

आपली संस्था लोकपालाच्या कक्षेत येते का, हे महाराष्ट्रात विशेष पाहावे लागते. ५० कोटी किंवा जास्त ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका येतात. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही १ नोव्हेंबर २०२५ पासून आल्या आहेत. पतसंस्था येत नाहीत. त्यांच्याविरुद्धची तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातील सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे द्यायची. लोकपालाकडे काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा दाखल होतो आणि लहान रकमेला शुल्क लागत नाही.

पैसे जमा झाले की जीएसटीसह पूर्ण आले का, ते तपासा. १०० रुपयांच्या चार्जवर १८ रुपये कर गेलेला असतो, आणि परत देताना नेमका तोच विसरला जातो. तीच कपात पुढच्या महिन्यात पुन्हा होऊ नये म्हणून ती बंद करण्याचा वेगळा लेखी अर्ज द्या. किमान शिल्लक ठेवणे खरोखरच झेपत नसेल, तर खाते मूलभूत बचत ठेव खात्यात बदलून मागा. अट एवढीच, की त्या बँकेत आपले दुसरे बचत खाते नसावे.