ऊर्जा व परराष्ट्र धोरण : विरोधी सदस्यांचा संसदीय सहभाग

देशाच्या ऊर्जा आणि परराष्ट्र धोरणावर विरोधी बाकांवरील सदस्य प्रश्न, चर्चा, समितीकार्य आणि मतदान या मार्गांनी जो प्रभाव टाकतात, तो या नोंदीचा विषय आहे. ही दोन क्षेत्रे एकत्र घेण्याचे कारण उघड आहे. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते आणि अणुभट्ट्यांसाठी युरेनियमही काही प्रमाणात आयात करावे लागते. त्यामुळे इंधनाचा प्रश्न इतर देशांशी असलेल्या संबंधांपासून सुटा काढता येत नाही. मराठवाड्याचा या विषयाशी संबंध वरवर दिसतो त्याहून जवळचा आहे. ज्या समितीपद्धतीमुळे विरोधी सदस्याला या क्षेत्रांत पाय रोवता आले, ती पद्धत लातूरचे खासदार शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना आकाराला आली.

राज्यघटनेने विरोधी सदस्याच्या हाती या बाबतीत फार थोडे दिले आहे. परराष्ट्र व्यवहार, तह आणि करार हे विषय संघसूचीत, म्हणजे केंद्राच्या अधिकारात, असून अनुच्छेद 73 प्रमाणे संसदेच्या कायदे करण्याच्या अधिकाराइतकीच संघ शासनाच्या कार्यकारी अधिकाराची व्याप्ती आहे. तह अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार अनुच्छेद 253 संसदेला देतो. पण तहावर सही करण्यापूर्वी किंवा नंतर त्याला संसदेची संमती घेतलीच पाहिजे, असे घटनेत कोठेही म्हटलेले नाही. अशी संमती सक्तीची करावी यासाठी बिगर-सरकारी विधेयके, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेली विधेयके, आली, परंतु ती कायद्यात उतरली नाहीत. याला मोठा अपवाद भूभाग देण्याचा आहे. बेरुबारी या पश्चिम बंगालमधील सीमाभागाच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये दिलेल्या मतानुसार देशाचा भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा असेल तर घटनादुरुस्ती करावी लागते, आणि घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागत असल्याने अशा वेळी विरोधकांचे मत खऱ्या अर्थाने मोजले जाते. विजेची स्थिती वेगळी आहे. वीज समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांच्या अधिकारात आहे, अणुऊर्जा मात्र केवळ केंद्राकडे. परिणामी गावातल्या रोहित्राविषयी दिल्लीत विचारले तर वितरण ही राज्याची बाब असल्याचे उत्तर मिळते, आणि अणुकराराविषयी विचारले तर कधी कधी गोपनीयता आड येते.

उरतात ती कामकाजाच्या नियमांतली साधने. लोकसभेत दररोज 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न लागतात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो; अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. प्रश्नाचे खरे बळ पुरवणीत असते, कारण मूळ उत्तर मंत्रालयातून लिहून येते, पुरवणीला मंत्र्याला स्वतः उभे राहावे लागते. मित्रदेशाविषयी अनादराचा उल्लेख असलेला प्रश्न नियमांनुसार स्वीकारला जात नाही, ही परराष्ट्र विषयातील खास मर्यादा आहे. नियम 193 खाली अल्पकालीन चर्चा होते, पण तिच्या शेवटी मतदान नसते. मतदान हवे असेल तर नियम 184 खाली प्रस्ताव मान्य व्हावा लागतो, म्हणून चर्चा कोणत्या नियमाखाली घ्यायची यावरच अनेकदा सभागृह अडून बसते. अनुदानाच्या मागण्यांवर कपात सूचना मांडता येतात. धोरणच अमान्य आहे हे सांगण्यासाठी मागणी एक रुपयावर आणण्याची, तर विशिष्ट तक्रारीसाठी 100 रुपये कमी करण्याची सूचना असते. मुदत संपल्यावर उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकत्र मताला टाकल्या जातात. परराष्ट्र मंत्रालयाची मागणी अशा रीतीने विनाचर्चा जाते, तेव्हा विरोधी सदस्याची वर्षातली सर्वांत विस्तृत संधी हातची जाते.

ही उणीव भरून काढण्याचे काम 1993 मध्ये सुरू झालेल्या विभागसंलग्न स्थायी समित्यांनी केले. त्याआधी 1989 मध्ये कृषी, विज्ञान व तंत्रज्ञान आणि पर्यावरण व वने या तीन विषयांच्या समित्या होत्या. शिवराज पाटील यांच्या अध्यक्षपदाच्या काळात त्यांची जागा सर्व मंत्रालयांना व्यापणाऱ्या 17 समित्यांनी घेतली. 2004 मध्ये ही संख्या 24 झाली. प्रत्येक समितीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 असे 31 सदस्य असतात, मंत्र्याला समितीवर घेता येत नाही, आणि बैठका बंद दाराआड होतात. कॅमेरे नसल्याने तेथे सदस्य पक्षाचा आवेश बाजूला ठेवून सचिवांना फाइलीतले विचारू शकतो. अहवालाशी मतभेद असेल तर भिन्नमतपत्रिका जोडता येते. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. पण सरकारला त्यावर केलेली कार्यवाही कळवावी लागते आणि तीही छापली जाते. परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्षपद अनेकदा विरोधी सदस्याकडे गेले आहे. पहिल्या वर्षांत अटलबिहारी वाजपेयी, तर 2014 ते 2019 या काळात शशी थरूर त्या पदावर होते.

थरूर यांच्या काळातील दोन अहवालांतून या पद्धतीची ताकद दिसते. बांगलादेशाशी भूसीमा कराराच्या घटनादुरुस्तीला 2013 मध्ये तेव्हाच्या विरोधी पक्षांनी राज्यसभेत तीव्र विरोध केला होता. सत्ताबदलानंतर डिसेंबर 2014 मध्ये विरोधी अध्यक्षाच्या समितीने त्याच दुरुस्तीची शिफारस केली, आणि मे 2015 मध्ये लोकसभेने ती 331 विरुद्ध शून्य मतांनी संमत केली. भूतान सीमेजवळच्या डोकलाम येथील तणावासह भारत-चीन संबंधांवरील 2018 चा अहवालही याच समितीचा.

सभागृहातील शब्दांनाही परराष्ट्र धोरणात वजन असते. इराकवरील अमेरिकेच्या हल्ल्याविषयी 8 एप्रिल 2003 रोजी लोकसभेने एकमताने ठराव केला. त्याच्या हिंदी मसुद्यात ‘निंदा’ हा शब्द होता, इंग्रजी मसुद्यात मात्र खेद किंवा नापसंती व्यक्त करणारा सौम्य शब्द. धिक्काराचा शब्द हवा, असा विरोधकांचा आग्रह होता, आणि दोन भाषांतील या अंतरामुळे दोन्ही बाजूंना ठराव मान्य करता आला. त्या काळात शिवराज पाटील काँग्रेसचे लोकसभेतील उपनेते होते. पुढे जुलैमध्ये इराकमध्ये सैन्य न पाठवण्याचा निर्णय सरकारने घेतला.

ऊर्जा आणि परराष्ट्र धोरण पूर्णपणे एकमेकांत मिसळले ते भारत-अमेरिका अणुकरारात. 18 जुलै 2005 च्या संयुक्त निवेदनापासून तीन वर्षे हा विषय संसदेत गाजत राहिला. डाव्या पक्षांनी पाठिंबा काढल्यावर 22 जुलै 2008 रोजी सरकारने 275 विरुद्ध 256 मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. त्या दिवशी मतांसाठी लाच दिल्याचा आरोप करत नोटांची पुडकी सभागृहात दाखवली गेली आणि अणुइंधन, तपासणी व चाचणीबंदी यांविषयीचे गंभीर आक्षेप लोकांच्या आठवणीतून मागे पडले, ही या चर्चेची मोठी हानी होय. विरोधकांना करार थांबवता आला नाही. मात्र 2010 च्या अणुहानी नागरी दायित्व कायद्यावर त्यांचा ठसा स्पष्ट उमटला. अपघात झाल्यास अणुप्रकल्प चालकाने द्यायच्या भरपाईची मूळ विधेयकातील 500 कोटी रुपयांची मर्यादा 1500 कोटींवर गेली, आणि सदोष सामग्री पुरवणाऱ्याकडून भरपाई मागण्याच्या कलम 17 मध्ये पुरवठादाराचा ‘हेतू’ सिद्ध करण्याची अट घालण्याचा प्रयत्न विरोधी सदस्यांच्या हरकतीमुळे मागे घ्यावा लागला. त्या वेळी भोपाळ वायुदुर्घटनेच्या निकालाची जखम ताजी होती. बीडचे खासदार गोपीनाथ मुंडे त्या लोकसभेत विरोधी पक्षाचे उपनेते होते.

मुंडे यांची ऊर्जाविषयक ओळख त्याआधीची आणि विधिमंडळातली आहे. डिसेंबर 1993 मध्ये राज्य वीज मंडळाने अमेरिकेतील एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज कंपनीशी करार केला, तेव्हा रेणापूरचे आमदार मुंडे विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. डॉलरशी जोडलेला वीजदर आणि केंद्राची प्रतिहमी (राज्याने पैसे न दिल्यास केंद्र देईल ही हमी) यांमुळे हा वरवर राज्याचा करार परकीय भांडवलाच्या धोरणाची कसोटी ठरला. 1995 मध्ये सत्ता आल्यावर मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळ उपसमितीने फेरतपासणी केली आणि ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला; परंतु काही महिन्यांतच फेरवाटाघाटी होऊन तो पुन्हा मान्य झाला. विरोधी बाकांवरून उघड केलेली वस्तुस्थिती सत्तेत गेल्यावर टिकवणे किती अवघड असते, याचे इतके ठळक उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. 2001 मध्ये मंडळाने ही वीज घेणे थांबवले, तेव्हा आधीचे आक्षेप खरे ठरले होते.

मराठवाड्यात ऊर्जेचा प्रश्न पाण्यापासून वेगळा नाही. परळी वैजनाथचे औष्णिक केंद्र जुलै 2015 मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. कोळसा केंद्राच्या अखत्यारीत, पाणी राज्याच्या, आणि रात्रीच्या पाळीने मिळणाऱ्या विजेवर पंप चालवणारा शेतकरी दोघांच्या मध्ये. म्हणून येथील सदस्याने विचारलेला विजेचा प्रश्न एका मंत्रालयाच्या उत्तराने संपत नाही. भाषेचीही बाजू आहे. 1967 मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षातर्फे बीडमधून निवडून आलेले क्रांतिसिंह नाना पाटील हे लोकसभेत मराठीतून बोलणारे पहिले खासदार म्हणून सांगितले जातात. आता पूर्वसूचना दिल्यास मराठी भाषणाचा अनुवाद होतो आणि ते इतिवृत्तात जाते.

परराष्ट्र धोरण या भागात बहुतेकदा आडतीवर पोहोचते. तुरीची टंचाई होऊन भाव भडकले म्हणून जुलै 2016 मध्ये भारताने मोझांबिकशी डाळी आयातीचा सामंजस्य करार केला. तो पाच वर्षांचा होता आणि त्यातील प्रमाण दोन लाख टनांपर्यंत वाढत जाणारे होते. त्याच हंगामात पाऊस चांगला झाला, तुरीचे विक्रमी पीक आले आणि 5050 रुपयांच्या आधारभूत किमतीखाली भाव घसरून लातूरसह मराठवाड्यातील खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागल्या. करारासाठी संसदेची संमती लागली नव्हती. त्याच्या परिणामांविषयी विचारायला सदस्यापाशी प्रश्नोत्तराचा तास होता.