डॉप्लर परिणाम

तरंगांचा उद्गम आणि निरीक्षक यांच्यातील अंतर बदलत असले, म्हणजे निरीक्षकापाशी पोहोचणाऱ्या तरंगांची कंप्रता (एका सेकंदातील कंपनांची संख्या) मूळ कंप्रतेपेक्षा वेगळी भरते. या आविष्काराला डॉप्लर परिणाम म्हणतात. अंतर घटत असेल तर कंप्रता वाढलेली आढळते, वाढत असेल तर कमी झालेली. ध्वनी, प्रकाश, रेडिओ तरंग, पाण्यावरच्या लाटा या सर्वांना तो लागू पडतो. (शालेय पाठ्यपुस्तकांत ‘वारंवारिता’ हा शब्द रूढ आहे, या नोंदीत जुन्या संदर्भग्रंथांतला ‘कंप्रता’ ठेवला आहे.)

ठाणे स्थानकात जवळजवळ प्रत्येक गाडी थांबते, त्यामुळे तेथे हा परिणाम फारसा जाणवत नाही. पलीकडच्या कळवा किंवा मुंब्रा स्थानकातून न थांबता भोंगा वाजवत जाणारी जलद लोकल हे त्याचे चांगले उदाहरण होय. गाडीचा वेग ताशी ९० किमी. (सेकंदाला २५ मी.), भोंग्याची कंप्रता ४०० हर्ट्झ आणि उन्हाळ्यातील हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मी. धरू. एका सेकंदात भोंग्यातून निघालेले ४०० तरंग एरवी ३५० मी. अंतरात पसरले असते. पण तेवढ्या वेळात गाडी स्वतः २५ मी. पुढे सरकलेली असल्याने ते ३२५ मीटरांत दाटतात. फलाटावरच्या माणसाला म्हणून येत्या गाडीचा स्वर सुमारे ४३१ हर्ट्झ ऐकू येतो. गाडी निघून जाताना तो ३७३ वर येतो. या दोहोंचे गुणोत्तर १.१५ आहे. शुद्ध रिषभ व षड्ज यांचे गुणोत्तर ९:८, म्हणजे १.१२५. तेव्हा भोंगा ‘रे’वरून ‘सा’वर यावा त्याहून थोडा अधिकच उतरतो.

लोकप्रिय लेखनात ‘गाडी जवळ येत जाते तसतसा स्वर चढत जातो’ असे विधान सर्रास आढळते. ते बरोबर नाही. चढत जातो तो आवाजाचा जोर. कंप्रता आधीच चढलेली असते आणि गाडी समोरून जाताना ती फक्त खाली येते. ती किती झपाट्याने खाली येते हे ऐकणारा रुळांपासून किती दूर आहे यावर ठरते. रुळांपासून तीन मीटरवर, फलाटाच्या कडेशी, बहुतेक उतार पाव सेकंदात उरकतो व स्वर तुटल्यासारखा वाटतो. शंभर मीटरवरच्या इमारतीच्या गॅलरीत तोच उतार सुमारे आठ सेकंद चालतो आणि, भोंगा तितका वेळ वाजत राहिला तर, लांबलेल्या मींडेसारखा ऐकू येतो.

ध्वनीच्या बाबतीत उद्गम हलतो की निरीक्षक, याने थोडा फरक पडतो. वरच्याच उदाहरणात भोंगा स्थिर असून ऐकणारा २५ मी. वेगाने त्याच्याकडे गेला, तर त्याला ४३१ ऐवजी ४२९ हर्ट्झ ऐकू येतील. कारण ध्वनीला हवेचे माध्यम आहे आणि वेग त्या माध्यमाच्या संदर्भात मोजावे लागतात. निर्वातातील प्रकाशाला असे माध्यम नाही, त्यामुळे तेथे केवळ सापेक्ष वेगच येतो. त्याचे सूत्र आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या सापेक्षता सिद्धांतातून मिळते. त्या सूत्रानुसार दृष्टिरेषेला काटकोनात जाणाऱ्या उद्गमाचीही कंप्रता किंचित घटते. ध्वनीत याला समांतर काही नाही. सूत्रातील हा सापेक्षतेचा भाग आइव्ह्ज व स्टिलवेल यांनी १९३८ मध्ये हायड्रोजनच्या वेगवान कणांवर तपासून पाहिला.

मूळ व नामकरण : ऑस्ट्रियन भौतिकीविज्ञ क्रिस्टियन डॉप्लर (२९ नोव्हेंबर १८०३–१७ मार्च १८५३) यांनी २५ मे १८४२ रोजी प्राग येथील रॉयल बोहेमियन सोसायटीपुढे जोडताऱ्यांच्या (एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या) रंगीत प्रकाशावर निबंध वाचला. श्रोते अगदी मोजके होते. ताऱ्यांचे रंग त्यांच्या गतीमुळे दिसतात, हे निबंधाचे मुख्य प्रतिपादन आज चुकीचे ठरले आहे. ताऱ्याचा रंग मुख्यतः पृष्ठभागाच्या तापमानाने ठरतो आणि ताऱ्यांचे नेहमीचे वेग प्रकाशवेगाच्या मानाने इतके अल्प असतात की डोळ्याला रंगबदल कळूच नये. तत्त्व खरे आणि ज्यासाठी ते मांडले तो दाखला खोटा, असा हा प्रकार आहे.

पडताळा मिळाला तो आगगाडीवर. डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी १८४५ च्या फेब्रुवारीत यूट्रेक्टजवळच्या लोहमार्गावर गाडीत कर्णेवाले बसवून प्रयोग सुरू केला. खराब हवेने तो फसला. जूनमध्ये पुन्हा केला तेव्हा मार्गालगत उभ्या असलेल्या जाणकार वादकांना स्वरातील फरक ओळखता आला. बॅलट यांनी ध्वनीपुरता नियम मान्य केला, ताऱ्यांच्या रंगाची उपपत्ती मात्र नाकारली. व्हिएन्नात गणितज्ञ पेट्झव्हाल यांनी १८५२ मध्ये डॉप्लर यांच्या तत्त्वावर घेतलेला आक्षेप त्या काळी वजनदार मानला गेला, परंतु त्यांचे गणित वाहत्या माध्यमाला लागू होते, हलत्या उद्गमाला नव्हे.

अग्रक्रमाविषयी मतभेद आहेत. फ्रान्समध्ये भौतिकीविज्ञ फिझो यांनी १८४८ मध्ये एका व्याख्यानात हेच तत्त्व, बहुधा स्वतंत्रपणे, मांडले. ते छापून आले १८७० मध्ये. फ्रेंच लेखक म्हणूनच ‘डॉप्लर-फिझो परिणाम’ असे जोडनाव वापरतात. अभियंते स्कॉट रसेल यांनीही १८४८ मध्येच धावत्या गाडीतून ऐकू येणाऱ्या स्वरबदलाची निरीक्षणे ब्रिटनमध्ये सादर केली. कालक्रम पाहता डॉप्लर यांचे नाव टिकणे रास्त आहे. मात्र ताऱ्याच्या एकूण रंगाकडे न पाहता त्याच्या वर्णपटातील (प्रकाश रंगांत विभागून मिळणाऱ्या पट्ट्यातील) रेषांचे स्थलांतर मोजावे, ही पुढे खगोलशास्त्राला उपयोगी पडलेली सूचना फिझो यांची होय.

डॉप्लर यांच्या पूर्ण नावाचाही घोळ आहे. अनेक कोशांत ‘योहान क्रिस्टियन’ असे दिलेले असते. साल्झबर्गच्या बाप्तिस्मा नोंदीत ‘क्रिस्टियन आंद्रेआस’ आहे आणि ते स्वतः नुसते ‘क्रिस्टियन’ लिहीत. ‘योहान’ हे त्यांच्या मृत्यूनंतर काही दशकांनी खगोलशास्त्रज्ञ शायनर यांच्या लेखनातून शिरले असावे. येथे मूळ नोंद ग्राह्य धरली आहे. त्यांचे निधन व्हेनिस येथे झाले. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली ती त्यानंतर बरोबर तीस दिवसांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी.

खगोलशास्त्र : हगिन्झ यांनी १८६८ मध्ये व्याध ताऱ्याच्या वर्णपटरेषांवरून त्याचा दृष्टिरेषेतील वेग काढण्याचा प्रयत्न केला, आकडा बरोबर आला नाही, पद्धत टिकली. १९१२ मध्ये स्लायफर यांना देवयानी दीर्घिका सेकंदाला सुमारे ३०० किमी. वेगाने आपल्याकडे येत असल्याचे आढळले. भारतात कोडईकनाल वेधशाळेत एव्हरशेड यांनी १९०९ मध्ये सौर डागांच्या उपच्छायेत (गडद गाभ्याभोवतीच्या फिकट भागात) वायू बाहेरच्या दिशेने वाहत असल्याचे याच रीतीने दाखवले. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेची उपकरणे १९१२ मध्ये याच वेधशाळेकडे गेली. दूरच्या दीर्घिकांच्या ताम्रसृतीला (वर्णपटरेषा लाल टोकाकडे सरकण्याला) सैलपणे डॉप्लर परिणाम म्हटले जाते, परंतु तिचे कारण अवकाशाचे प्रसरण मानणे अधिक योग्य.

इतर उपयोग : कुलाबा व वेरावली येथील हवामान रडार ठाणे, नवी मुंबईवरच्या ढगांतील थेंबांची सरक याच तत्त्वाने मोजतात. वाहनांचा वेग मोजणारी रडार बंदूकही तशीच. लेसर बंदुका मात्र बहुधा अंतरातील बदलावरून वेग काढतात, त्यांना हे तत्त्व लागत नाही.

सोनोग्राफी केंद्रांच्या पाट्यांवर दिसणारे ‘कलर डॉप्लर’ हे नाव यावरूनच आले. ५ मेगॅहर्ट्झचा श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणारा) ध्वनी ६० अंशांच्या कोनात धमनीवर सोडला आणि रक्त सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहत असेल, तर परतलेल्या ध्वनीत सुमारे १,६०० हर्ट्झचा फरक पडतो. हा फरक मानवी कानाच्या टप्प्यात येत असल्याने यंत्राचा ध्वनिवर्धक चालू केला की नाडीच्या ठेक्यावर फुस्कारे ऐकू येतात. पडद्यावर प्रोबकडे (अंगावर टेकवलेल्या ध्वनी सोडणाऱ्या भागाकडे) येणारे रक्त सहसा लाल आणि दूर जाणारे निळे दाखवतात. धमनी-शिरांच्या रंगांशी याचा संबंध नाही. खगोलशास्त्रातील संकेत तर नेमका उलटा, तेथे निळा म्हणजे जवळ येणारा.