चुंबकीय पदार्थांतील हलकी मूलद्रव्ये

लोहाच्या मिश्रधातूंत हायड्रोजन, बोरॉन, कार्बन, नायट्रोजन अशा हलक्या मूलद्रव्यांचे अणू मिसळून त्यांचे चुंबकीय गुण सुधारता येतात. हे अणू स्वतः चुंबकीय नसतात. ते लोहाच्या अणूंची मांडणी बदलतात.

समॅरियम या धातूचे २ आणि लोहाचे १७ अणू असलेल्या संयुगात लोहाच्या काही जोड्या फार जवळजवळ असल्याने त्यांच्यातील चुंबकीय बंध दुबळा पडतो. त्यामुळे क्यूरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर लोहचुंबकत्व नाहीसे होते ते तापमान, जेमतेम ११६° से. भरते. लोहाच्या अशा संयुगांत लहान अणू घुसवून हे अंतर वाढवावे, अशी जपानी संशोधक मासातो सागावा यांची कल्पना होती. ती फसली, पण फार फायद्यात. निओडिमियम-लोहात घातलेला बोरॉन अणूंच्या जुन्या जाळीत (नियमित मांडणीत) न शिरता नवीच स्फटिकरचना घडवून बसला. आजचे सर्वांत बलवान व्यापारी कायमचुंबक याच संयुगाचे आहेत. त्यात वजनाने बोरॉन सुमारे १ टक्काच असतो.

मूळ तर्क खरा ठरला तो १९९० मध्ये, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. तेथे कोई आणि सुन या संशोधकांनी समॅरियम-लोहाची पूड नायट्रोजनयुक्त वायूत तापवली. नायट्रोजन जाळीतील पोकळ्यांत शिरला, आकारमान सुमारे ६ टक्क्यांनी वाढले आणि क्यूरी तापमान ४७० अंशांच्या पुढे गेले. त्याहून मोलाचा बदल दिशेचा: आधी एका सपाट प्रतलात कुठेही वळणारे चुंबकन (पदार्थातील चुंबकत्वाची दिशा) आता एका अक्षाला घट्ट धरून राहू लागले, कारण नायट्रोजनमुळे समॅरियमभोवतीचे विद्युत्क्षेत्र बदलले. कायमचुंबकाला हेच हवे असते. हायड्रोजननेही क्यूरी तापमान वाढते, पण हा अक्ष मिळत नाही.

अडचण उष्णतेची आहे. सुमारे ६००° से.च्या वर हे संयुग फुटून समॅरियम नायट्राइड व लोह वेगळे होतात. नेहमीच्या पद्धतीने पूड भाजून घट्ट करायला १,०००° से.हून अधिक तापमान लागते, म्हणून ती बहुधा प्लास्टिकमध्ये बांधूनच वापरतात.

ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला मात्र चुंबकन सहज उलटणारा पदार्थ लागतो. तेथील अस्फटिकी, म्हणजे अणूंची नियमित मांडणी नसलेल्या, लोहपट्ट्यांत, वितळलेल्या धातूचा रस झटपट थंड करताना स्फटिक बनू नयेत म्हणून बोरॉन घालतात. गाभ्याच्याच सिलिकॉन पोलादात तर कार्बन आणि नायट्रोजन नकोसेच: त्यांचे सूक्ष्म कण पदार्थातील एकाच दिशेने चुंबकित झालेल्या छोट्या भागांच्या सीमांची हालचाल अडवतात आणि ऊर्जेची हानी वाढते.