गुरांमागचा कुत्रा: रँचवरच्या एका कामाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या एखाद्या घरच्या रँचवर, म्हणजे गुरं पाळण्याच्या मोठ्या मळ्यावर, आज दोन माणसं आणि दोन-तीन कुत्री मिळून शे-दोनशे गायी एका कुरणातून दुसऱ्या कुरणात नेतात. बघणाऱ्याला वाटतं, हे काऊबॉयच्या जमान्यापासूनच चालत आलं असणार. पण 1870 च्या दशकात टेक्ससमधून कॅन्ससच्या रेल्वेस्थानकांकडे जी मोठाली खिल्लारं निघत, त्यांच्याबरोबर कुत्री सहसा नसत. दोन-अडीच हजार लांब शिंगांची लाँगहॉर्न गुरं, रात्री विजेच्या नुसत्या लखलखाटानं उधळणारी. त्यात कुत्रा सोडायचा म्हणजे आगीत तेलच. शिवाय गरजही नव्हती. दहा-बारा घोडेस्वार मिळत, घोडे मुबलक होते, मजुरी कमी होती आणि वाटेत कुंपण म्हणून काही नव्हतं. कुत्रा रँचवर आला तो नंतर, माणसं कमी पडायला लागल्यावर. आणि तो आला दुसरीकडून.

गुरं हाकणाऱ्या कुत्र्याचा जुना आणि पक्का पुरावा वेल्सच्या कायद्यात सापडतो. दहाव्या शतकातला राजा हवेल दा याच्या नावानं हे कायदे ओळखले जातात, हाती असलेल्या प्रती मात्र तेराव्या शतकापासूनच्या. त्यात गुराख्याच्या कुत्र्याची किंमत एका बैलाइतकी धरली आहे. अट एवढीच, की कुत्रा सकाळी गुरांच्या पुढे जाणारा आणि संध्याकाळी त्यांच्या मागून घरी येणारा असावा. कुणी शंका घेतली, तर मालकानं घराच्या वरच्या बाजूचा एक आणि खालच्या बाजूचा एक असे दोन शेजारी बरोबर घेऊन तशी शपथ घ्यायची. कुत्र्याच्या गुणाला साक्षीदार लागतात आणि ते शेजारीच असू शकतात, ही समज मला त्या किमतीपेक्षा जास्त बोलकी वाटते. गुरांच्या कुत्र्याचं काम रोज चार लोकांच्या डोळ्यांसमोर होत असतं, त्यात थापा फार काळ चालत नाहीत.

पुढची काही शतकं हा कुत्रा बाजाराच्या वाटेवर घडला. वेल्स आणि स्कॉटलंडची काळी गुरं पायी चालत इंग्लंडच्या बाजारांत जात, त्यातली कितीतरी लंडनच्या स्मिथफील्ड बाजारात पोचत. व्यापाऱ्याची हाकारे माणसं थोडी, कळप मोठा, वाटेत गावं, शेतं, पूल. इथे मागून रेटणारा कुत्रा लागे. वेल्सचा बुटका कॉर्गी हा त्याच कामाचा. तो गुराच्या मागच्या खुराजवळ चावतो आणि त्याच क्षणी जमिनीला चिकटतो, गुरानं झाडलेली लाथ डोक्यावरून जाते. जाणता कुत्रा पाय निवडतोही. गुराचं वजन ज्या पायावर आहे त्यालाच तोंड घालतो, कारण तो पाय लगेच उचलता येत नाही. तेवढ्या निमिषात कुत्रा खाली वाकलेला असतो. हे त्याला कुणी शिकवत नाही. ज्यांच्या अंगी होतं ते जगले, त्यांचीच पिल्लं ठेवली गेली. बाकीच्यांचे जबडे लाथेनं मोडले.

जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या कसायांचे कुत्रेही असेच गुरं हाकत. आज रॉटवाइलर म्हटलं की बंगल्याच्या फाटकावरचा पहारेकरी आठवतो, पण जात मुळात गुरांमागची. रेल्वे आली, गुरं डब्यातून जायला लागली आणि या सगळ्या कुत्र्यांचा धंदाच बसला. ब्रिटनमध्येही 1840 च्या दशकानंतर तेच झालं. स्मिथफील्डचा जिवंत जनावरांचा बाजार 1855 मध्ये तिथून हलला, तोवर पायी हाकण्याचे दिवस सरत आले होते.

याच सुमारास मेंढ्यांच्या डोंगरात दुसऱ्याच पद्धतीचा कुत्रा नावारूपाला येत होता. तो चावत नाही, मोठा वेढा घेऊन कळपाच्या पलीकडे जातो, पोट जमिनीला लावून नजर रोखतो आणि पाऊल पाऊल पुढे सरकत कळप मालकाकडे आणतो. 1873 च्या ऑक्टोबरमध्ये वेल्समधल्या बाला इथे मेंढ्या हाकण्याची जी चढाओढ झाली, ती ब्रिटनमधली अशी पहिली नोंदलेली स्पर्धा धरली जाते. ती जिंकली वेल्समध्ये राहणाऱ्या एका स्कॉट माणसाच्या ट्वीड नावाच्या कुत्र्यानं. वीस वर्षांनी, 1893 मध्ये, उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्बरलंडमध्ये अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा जन्मला. शांत, न भुंकणारा, नजरेनं काम करणारा. आजचे जवळजवळ सगळे बॉर्डर कोली, म्हणजे याच पद्धतीचे मेंढ्यांचे कुत्रे, त्याच्या वंशात मोडतात. 1906 मध्ये आंतरराष्ट्रीय शीपडॉग सोसायटी स्थापन झाली, आणि स्पर्धेत जिंकणारा कुत्रा कसा दिसतो यापेक्षा काम कसं करतो याला महत्त्व मिळालं. दिसण्यावर जाती ठरवणाऱ्या त्या काळात हे वेगळंच होतं.

या दोन्ही पद्धतींचं मूळ एकच आहे, लांडग्याची शिकार. शोधणं, नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, चावा, मारणं ही त्या शिकारीची साखळी. निवड करता करता माणसानं ती वेगवेगळ्या जागी तोडली. कोलीत नजर आणि दबा वाढवला, गुरांच्या कुत्र्यात पाठलाग आणि मोजका चावा ठेवला, मारणं दोघांतूनही काढलं. कळपाचं रक्षण करणाऱ्या राखणदार कुत्र्यांत ही साखळी जवळपास जागीच होत नाही, म्हणून ते मेंढ्यांत झोपून राहू शकतात. हाकणाऱ्या आणि राखणाऱ्या कुत्र्यांची गल्लत बरेच जण करतात, प्रत्यक्षात त्यांचे स्वभाव एकमेकांच्या उलट. 2022 मध्ये चार हजारांहून जास्त कुत्र्यांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाकणाऱ्या जातींमधले फरक गर्भात मेंदूच्या पेशींची जोडणी घडवणाऱ्या जनुकांजवळ आढळतात, असं त्यात दिसलं. रँचवाले ‘हे रक्तातच असतं’ असं म्हणत आले होते, त्याला प्रयोगशाळेनं दुजोरा दिला असं म्हणायला हरकत नाही.

गुरांसाठी खास कुत्रा जाणीवपूर्वक घडवला गेला तो ऑस्ट्रेलियात. न्यू साउथ वेल्सच्या अप्पर हंटर खोऱ्यातल्या डार्टब्रुकचे थॉमस हॉल यांच्या घराण्याची जमीन अफाट होती. कुंपण नाही, गुरं अर्धरानटी, सिडनीचा बाजार लांब. विलायतेहून आणलेले कुत्रे उन्हात थकत आणि भुंकून गुरं बिथरवत. हॉल यांनी 1840 च्या दशकात नॉर्थम्बरलंडच्या निळसर कुत्र्यांचा संकर माणसाळवलेल्या डिंगोशी, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या रानकुत्र्याशी, केला. डिंगो मुका येतो, मागून चावतो आणि ऊन त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. हे कुत्रे त्यांनी घराण्याबाहेर फारसे जाऊ दिले नाहीत, धंद्यातला तो हुकमी एक्काच होता. 1870 मध्ये हॉल वारले, मालमत्ता विकली गेली आणि ‘हॉल्स हीलर’, म्हणजे हॉल यांचे टाचेला चावणारे कुत्रे, सगळीकडे पसरले. आजचा ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग तो हाच. केल्पी जातीचा कुत्राही तिथलाच, पण कोलीच्या रक्ताचा आणि मुख्यतः मेंढ्यांचा.

आता अमेरिका. कुत्रा तिथे अजिबात नव्हता असंही नाही. फ्लोरिडातले गुराखी पामच्या झुडपांत आणि दलदलीत दडलेली गुरं चाबूक आणि कुत्र्यांच्या जोरावर बाहेर काढत. घोड्याला तिथे शिरणं अवघड जाई. लुइझियानाचा कॅटाहूला आणि टेक्ससचा लेसी हेही झाडीतल्या गुरांचे कुत्रे. लेसी बंधू 1858 मध्ये केंटकीहून टेक्ससला आले, त्यांच्यावरून जातीचं नाव पडलं, आणि 2005 मध्ये तिला टेक्ससचा राज्य-कुत्रा म्हणून मान मिळाला. या कुत्र्यांची रीत अशी की रानात जाऊन गुरं शोधायची, भोवती भुंकत त्यांना एका जागी गोळा करून धरायचं आणि माणूस येईपर्यंत थांबायचं.

उघड्या गवताळ प्रदेशात मात्र कुत्र्याला जागा झाली ती काटेरी तारेमुळे. जोसेफ ग्लिडन यांनी 1874 मध्ये पेटंट मिळवलेली तार दहा-पंधरा वर्षांत सगळीकडे ओढली गेली. 1886-87 च्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या मैदानांत गुरं लाखांनी मेली आणि मोकळ्या चराईवर उभ्या असलेल्या मोठ्या कंपन्यांचं कंबरडं मोडलं. मागे राहिली ती छोटी-मध्यम बिऱ्हाडं. वसाहतदारांना सरकारी जमीन देणाऱ्या 1862 च्या होमस्टेड कायद्यानं एका कुटुंबाला 160 एकर मिळत, कोरड्या पश्चिमेत तेवढ्यात गुरांचं भागत नाही. 1916 च्या कायद्यानं पशुपालनासाठी 640 एकर केले. 1934 चा टेलर चराई कायदा आला आणि सरकारी कुरणांवर परवान्यानं चारायची घडी बसली. कौटुंबिक रँच म्हणून आज जे ओळखलं जातं त्याचा साचा इथे तयार झाला. खाली थोडी मालकीची, हिवाळ्याच्या गवताची जमीन, वर उन्हाळ्याची परवान्याची डोंगरी कुरणं, आणि हिवाळ्याच्या तोंडावर ती सगळी गुरं हुडकून खाली आणायची जबाबदारी नवरा-बायको आणि पोरांवर. दरीत, विलोच्या झाडीत, घोडा न जाणाऱ्या घळीत चार गायी दडून बसल्या तर त्यांना बाहेर कोण काढणार? कुत्र्याची खरी किंमत अशा जागी कळते. पगारी गडी महाग झाले, तसा तो घरातला अर्धा गडीच झाला. चारचाकी मोटरबाइक आल्यावर कुत्रा जाईल असं वाटलं होतं, पण ती मोकळ्या जमिनीवर चालते, दाट झाडीत नाही. उलट कुत्रेच तिच्यावर बसून कामाला जायला लागले.

पश्चिमेतला पहिला लाडका कुत्रा म्हणजे ऑस्ट्रेलियन शेफर्ड. नाव काही असो, ही जात घडली अमेरिकेतच, आणि तिच्या जडणघडणीत स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क मेंढपाळांच्या कुत्र्यांचा वाटा मानतात. जातीचा क्लब 1957 मध्ये निघाला. पुढे बॉर्डर कोली आले. मेंढ्यांचा कुत्रा गायीपुढे टिकणार नाही, अशी तेव्हा पुष्कळांची खात्री होती, आणि त्यात थोडं तथ्यही होतं. मेंढी नजरेला घाबरते, सहाशे किलोची गाय शिंगं रोखून उभी राहते. नजरेनं काम भागेना तेव्हा नाकाडावर एक नेमका चावा घेण्याची धमक कुत्र्यात लागते, आणि गाय वळली की तत्काळ मागे हटण्याची अक्कलही. सगळ्या कोलींत ती नसते. म्हणून रँचवाल्यांनी त्यांच्यातूनच गुरांपुरता वेगळा वंश निवडत आणला.

दुसरी बाजू गुरांची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. कुत्रा कधीच न पाहिलेल्या गायीला तो लांडगाच वाटतो. ती एक तर पळते नाही तर अंगावर येते. तिलाही शिकवावं लागतं की कळपात राहिलं, माणसाकडे चालत राहिलं, की कुत्रा त्रास देत नाही. फुटून पळालं की देतो. लहान वाड्यात, शांत कुत्र्यांबरोबर थोडे दिवस हे केलं की गुरं ‘कुत्र्याला सरावतात’. पण गाय वळल्याबरोबर कुत्र्यानं दाब सोडला पाहिजे. बक्षीस तेच. सोडलाच नाही तर गाय काही शिकत नाही, फक्त वैतागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पशुवर्तनाच्या अभ्यासक टेम्पल ग्रँडिन यांनी जनावराच्या भोवतालचं पळ काढण्याचं अंतर, म्हणजे ज्याच्या आत कुणी शिरलं की ते दूर सरकतं, ते समजावून सांगितलं आणि गुरं हाताळण्याचं प्रशिक्षण देणारे बड विल्यम्स यांनी गुरं न ओरडता, न मारता हलवण्याच्या पद्धतीचा प्रसार केला. कुत्र्याच्या कामातही तेच सूत्र लागू पडतं. जुन्या पिढीचा भुंकणारा, ओरबाडणारा कुत्रा तेव्हापासून हळूहळू मागे पडत गेला. बिथरलेली गुरं वजन गमावतात, मांसावर मार दिसतो, म्हणजे शेवटी खिशाला चाट बसते. नुकत्याच व्यायलेल्या गायींत मात्र चांगला कुत्राही नेऊ नये. वासरासाठी ती कुणालाही चिरडेल.

धोके गाय लाथ मारते तेवढ्यावर संपत नाहीत. 1988 मध्ये निओस्पोरा नावाच्या परजीवीचं वर्णन झालं, तो गायींत गर्भपात घडवतो. दहा वर्षांनी तो कुत्र्याच्या आतड्यात वाढून विष्ठेतून पसरतो हे सिद्ध झालं. म्हणून गाय व्याली की वार आणि मेलेली वासरं कुत्र्याच्या तोंडी लागू न देणं हे आता रँचवरचं साधं पथ्य आहे. उलटही होतं. गुरांना जंतांवर देतात ते आयव्हरमेक्टिन काही कोलींच्या मेंदूत शिरून त्यांचा जीव घेतं, आणि त्यामागचा जनुकीय दोष 2001 मध्ये सापडला. औषध टोचण्याच्या दिवशी कुत्रे बांधून ठेवायचे, गळालेलं चाटू द्यायचं नाही.

हिशेबानं बघितलं तर कुत्रा परवडतो का, हे ऑस्ट्रेलियातल्या 2014 च्या एका अभ्यासानं मांडलं. कुत्र्यावर आयुष्यभरात होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत त्याच्या कामाची किंमत साधारण पाचपट भरली. बाजारातही ते दिसतं. 2020 मध्ये नॉर्थम्बरलंडमधलीच मेगन नावाची एक कोली कुत्री वेल्समधल्या लिलावात 18,900 पौंडांना विकली गेली, आणि घेणारा होता ओक्लाहोमाचा गुरांचा रँचर. पैसे मेंढपाळीच्या देशात गेले, कुत्री गायींच्या देशात.