गोणीत कोळसा किती?

डिसेंबर उजाडला की मुंबईत गच्च्यांवर शेगड्या चढू लागतात. ज्यांच्या सोसायटीत परवानगी मिळत नाही ते शनिवार-रविवार गाठून कर्जत नाहीतर अलिबाग धरतात. सुरमईला कुठलं वाटण लावायचं यावर आठवडाभर खल होतो आणि कोळसा मात्र जाता जाता, मिळेल तिथून, मिळेल तो उचलला जातो. मग अर्धा तास नुसता धूर, पुठ्ठ्याने वारा घालून घामाघूम झालेला एक भाचा, आणि वरून करपलेली, आतून कच्ची तंगडी. खापर फुटतं मसाल्यावर.

लोणारी, म्हणजे लाकडापासून केलेला कोळसा वजनावर विकला जातो, आणि त्याच्यातले जवळजवळ सगळे दोष नेमके वजन वाढवणारे असतात. त्यामुळे गोणी पारखायची तर प्रश्न एकच: यात जे वजन आहे ते कशाचं?

सुरुवात भट्टीपासून करावी लागते. लाकूड रचायचं, पालापाचोळा घालून मातीने लिंपायचं, आणि हवा जेमतेम आत जाईल एवढीच भोकं ठेवायची. आधी पाणी उडून जातं. साधारण २२० ते ४०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान हेमिसेल्युलोज आणि सेल्युलोज हे लाकडाचे घटक तुटतात. त्यांचे वायू, आम्लं आणि डांबर धुराबरोबर बाहेर पडतात. लिग्निन हा तिसरा घटक जास्त चिवट, तो रेंगाळत जातो. शेवटी राहतो तो कार्बनचा सांगाडा. झाडाच्या अन्नपाण्याच्या नळ्या त्यात जशाच्या तशा दिसतात, भिंग असेल तर बघा. रायगड जिल्ह्यात कातकऱ्यांच्या पिढ्या या भट्ट्यांवर राबल्या, बहुतेक वेळा दुसऱ्याच्या उचलीपायी. हातात थर्मामीटर नसताना भट्टी कधी बुजवायची हे धुरावरून कळतं: दाट पांढरा धूर म्हणजे अजून पाणी निघतंय, पिवळट झाला की लाकूड तुटतंय, आणि विरळ निळसर झाला की कोळसा तयार.

त्या निळ्या धुरापर्यंत थांबायचं की नाही, इथे पैशाचा प्रश्न येतो. भट्टी ३०० अंशांवर आटोपली तर शंभर किलो कोरड्या लाकडामागे सुमारे ४२ किलो माल पडतो, पण त्यात स्थिर कार्बन, म्हणजे धूर होऊन न उडणारा कार्बन, जेमतेम दोन-तृतीयांश. ५०० अंशांपर्यंत नेली तर कार्बन ८५ टक्क्यांच्या आसपास जातो आणि माल उरतो ३३ किलो. म्हणजे काम चोख करणाऱ्याला शंभर किलोमागे नऊ किलोंची चाट. हे नऊ किलो ज्याने वाचवले, त्याने ते तुम्हाला विकले. तुमच्या शेगडीत तेच धूर होऊन निघतात.

असा कच्चा माल ओळखायला मूठभर आकाराचा एक तुकडा मोडून पाहावा. पिकलेला कोळसा कटकन तुटतो, मोडलेली बाजू काळीभोर, चमकदार असते आणि खोडाची वर्तुळं स्वच्छ दिसतात. कच्चा तुकडा तुटता तुटत नाही, धागे धरून राहतो, आणि गाभ्यात तपकिरी झाक दिसते. मग दोन तुकडे एकमेकांवर आपटा. पक्क्या कोळशाचा आवाज चिनी मातीच्या बशीला टिचकी मारल्यासारखा खणखणीत येतो, कच्च्याचा नुसता ठक्क. उरलेलं डांबर आणि न जळालेले धागे कंपनं गिळून टाकतात, म्हणून हा फरक. घरात मल्टीमीटर पडलेला असेल तर आणखी गंमत आहे. लाकूड वीज वाहत नाही, साधा कोळसाही फारशी वाहत नाही; पण सुमारे ७०० अंशांच्या पुढे तापलेल्या कोळशात कार्बनचे थर नीट जुळतात आणि तो बऱ्यापैकी वीजवाहक होतो. जपानमधला बिंचोतान कोळसा शेवटच्या टप्प्यात हजार अंशांच्या आसपास नेतात, आणि त्याची प्रत ठरवताना पृष्ठभागाचा विद्युतरोध मोजतात. तो पेटायला मात्र महाकठीण. गच्चीवरच्या पार्टीला तो हवाच, असं मला वाटत नाही.

पिशवीवर झाडाचं नाव छापून चवीचा दावा केला असेल, तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. लाकडाच्या धुराचा वास बराचसा लिग्निन तुटून होणाऱ्या ग्वायकॉलसारख्या संयुगांचा असतो, आणि ती भट्टीतच निघून गेलेली असतात. कबाबाला जो खमंग वास येतो तो निखाऱ्यावर टपकणाऱ्या चरबीचा आणि मसाल्याचा. झाडाला महत्त्व आहे ते घनतेमुळे: बाभूळ किंवा वेडी बाभूळ जड, तिचा निखारा बराच वेळ टिकतो, हलक्या लाकडाचा भराभरा पेटतो आणि तसाच विझतो. कच्छ आणि तमिळनाडूत वेड्या बाभळीचा कोळसा मोठ्या प्रमाणावर पडतो. म्हणजे हाताला जड लागणं हा गुणही असू शकतो आणि दोषही. जड आणि खणखणीत असेल तर घ्या, जड आणि बद्द असेल तर ठेवून द्या.

आता पाणी. भट्टीतून निघालेला कोळसा जवळजवळ कोरडा असतो, पण सच्छिद्र असल्याने हवेतली ओल ओढतो. पाच-दहा टक्के सहज, आणि मुंबईच्या जुलैत बारदानातल्या मालाचं काय होत असेल ते सांगायला नको. वर कुणी पाणी शिंपडलं असेल तर तो वेगळा हिशोब. ओल्या कोळशाची आच कमी पडते असं सर्रास म्हणतात. गणित तसं सांगत नाही. एक किलो कोळसा सुमारे ३० मेगाज्यूल उष्णता देतो. त्यात शंभर ग्रॅम पाणी असलं तर ते तापवून उडवायला पाव मेगाज्यूलच्या आसपास लागतात. किरकोळ. खरा तोटा दुसरीकडे आहे: पेटायला वेळ लागतो, छिद्रांत अडकलेली वाफ तुकडे फोडून ठिणग्या उडवते, आणि दहा किलोंच्या गोणीत तुम्ही किलोभर पाणी कोळशाच्या भावाने घेतलेलं असतं. किलोभर कोळसा वजन करून कडक उन्हात पसरा आणि संध्याकाळी पुन्हा काट्यावर ठेवा. कळतं.

याबाबत सल्ला विचारायचा तर मी कोळशाची इस्त्री वापरणाऱ्याला विचारेन, हॉटेलवाल्याला नाही. पितळी इस्त्रीच्या पोटात निखारे भरून तो दुसऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर फिरवतो. एक ठिणगी उडाली की भोक, कच्चा कोळसा असला की कपड्याला धुराचा वास, राख जास्त असली की कॉलरवर करडा फराटा. एवढ्या कडक परीक्षेला उतरलेला कोळसा तुमच्या सुरमईला चालेलच. हल्ली बरेच जण गॅसच्या इस्त्रीकडे वळलेत, पण आपल्या गल्लीत एखादा जुना हात असेल तर तो माल कुठून आणतो ते विचारून घ्या.

राखेचं महत्त्व आचेशी जोडलेलं आहे. कार्बन पृष्ठभागावरच जळतो. ऑक्सिजन तिथे पोचला की कार्बन मोनॉक्साइड होतो आणि तो वर निळ्या ज्योतीने जळतो. राखेचा थर साचला की ऑक्सिजन अडतो, गोणीच्या तळाचा चुरा जाळीत भरला तरी तेच. निखारा नुसता लालसर, म्हणजे ६५० अंशांच्या आसपास असताना जेवढी उष्णता फेकतो, त्याच्या दुपटीहून जास्त तो ८५० अंशांना, रसरशीत नारिंगी झाल्यावर फेकतो. अशी फेकली जाणारी उष्णता, म्हणजे प्रारण, निरपेक्ष (केल्विनमधल्या) तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. पुठ्ठ्याच्या वाऱ्याने राख उडते आणि हवाही मिळते, म्हणून भाच्याचे कष्ट अगदीच वाया जात नाहीत.

सरळ कापलेल्या कडांचे चौकोनी तुकडे, खिळे, रंगाचे किंवा प्लायचे थर दिसले तर तो माल घेऊच नका. रंग, गोंद आणि लाकडाला मारलेली औषधं जेवणाखाली जाळायच्या वस्तू नव्हेत. २०२५च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना आणि तत्सम धंद्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं होतं. गच्चीवरच्या शेगडीचा धूरही शेजाऱ्याच्याच खिडकीत जातो.

चांगल्या कोळशाचा धोका मात्र वेगळा. धूर नाही, वास नाही, म्हणून थंडी वाजली की लोक पेटती शेगडी फार्महाऊसच्या खोलीत घेतात आणि दारं लावून झोपतात. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला काहीच कळत नाही. शेगडी बाहेरच विझू द्या.

दुसऱ्या दिवशी राख पूर्ण थंड झाली की न जळालेले तुकडे वेचून उरलेली राख स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. पाच किलो कोळसा जळाल्यावर दीड-दोनशे ग्रॅम पांढरी, मऊ राख निघाली तर माल ठीक होता. अर्धा किलो निघाली आणि चिमटीत वाळू-खडे लागले, तर पुढच्या वेळी दुकान बदला.