जन्मदाखल्याविना ओळख (मराठवाडा)

जन्माची नोंद झालेली नसताना, किंवा झालेली नोंद सापडत नसताना, शासकीय लाभ व दाखल्यांसाठी इतर कागदांच्या आधारे नाव, वय आणि रहिवास शाबीत करण्याची पद्धत. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. पुढे १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम आला, तरी घरी सुईणीच्या हातून झालेल्या अनेक बाळंतपणांची नोंद राहून गेली.

काही नोंदी असतात, पण दुसऱ्या गावी. कायद्याप्रमाणे नोंद जन्मस्थळीच होते आणि पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने, वडिलांच्या गावच्या ग्रामपंचायतीत शोधणाऱ्याच्या हाती केवळ ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला येतो. ऊसतोडीसाठी बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेल्या कुटुंबांची अडचण याहून मोठी आहे, कारण फडावर जन्मलेल्या मुलाची नोंद तिकडेच व्हावी लागते आणि पट्टा पडला (गळीत हंगाम संपला) की कुटुंब गावी परतते.

अशा वेळी मुख्य आधार शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा असतो. तिचा उतारा किंवा शाळा सोडल्याचा दाखला (बोलीत ‘टीसी’) वय व अधिवासाच्या दाखल्यासाठी चालतो. मात्र ही नोंद नेहमी खऱ्या जन्मतारखेची असतेच असे नाही. जूनमध्ये शाळा सुरू होताना गुरुजींनी अंदाजाने १ जून ही तारीख घातल्याने तो वाढदिवस असलेली माणसे गावोगाव भेटतात, आणि त्यांची सेवानिवृत्तीही त्याच तारखेवरून ठरते.

शाळेची पायरी न चढलेल्यांना, विशेषतः वृद्ध स्त्रियांना, हा मार्ग नाही. पासष्टीनंतरच्या श्रावणबाळ योजनेत शिधापत्रिका, मतदार यादी किंवा शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला उपयोगी पडतो. आधार नोंदणीत कागद नसल्यास सांगितलेले किंवा अंदाजे वय लिहिले जाते. म्हणून आधार ओळख पटवतो, जन्मतारीख सिद्ध करत नाही. वय ठरवताना आधारपेक्षा शाळेचा दाखला ग्राह्य, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये म्हटले.

एक वर्षाहून जुन्या जन्माच्या नोंदीसाठी पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. राज्य शासनाने २०२५ मध्ये अशा उशिराच्या नोंदींची पडताळणी अधिक कडक केली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदार नोंदणी व आधारसाठी जन्मदाखलाच लागतो. त्यामुळे येथे वर्णिलेले पर्याय मुख्यतः त्याआधी जन्मलेल्यांपुरते उरले आहेत.

प्रत्यक्षात कागद नसण्यापेक्षा कागद न जुळण्यानेच अधिक अर्ज अडतात, असे म्हणता येईल. टीसीवर माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे आणि मतदार यादीत नुसते हाक मारण्याचे नाव असेल, तर तिन्ही नावांची स्त्री एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र तहसीलमध्ये द्यावे लागते, आणि तेवढ्यावर भागले नाही तर नावातील बदल राजपत्रात प्रसिद्ध करावा लागतो.