भूकवचाचे चुंबकीय मानचित्रण

पृथ्वीच्या कवचातील खडकांना असलेल्या चुंबकत्वामुळे भूचुंबकीय क्षेत्रात ठिकठिकाणी लहानमोठे फेरफार होतात. विमाने, हेलिकॉप्टर आणि कृत्रिम उपग्रह यांवर बसविलेल्या चुंबकत्वमापकांनी हे फेरफार मोजून त्यांचे नकाशे तयार करण्याच्या पद्धतीस भूकवचाचे चुंबकीय मानचित्रण म्हणतात. मोजलेले क्षेत्र आणि त्या जागी, त्या वेळी पृथ्वीच्या गाभ्यामुळे अपेक्षित असलेले क्षेत्र यांतील तफावतीला चुंबकीय विसंगती ही संज्ञा आहे.

भूचुंबकीय क्षेत्राचा फार मोठा भाग बाह्य गाभ्यातील वितळलेल्या लोहाच्या प्रवाहांतून निर्माण होतो आणि भूपृष्ठावर त्याची तीव्रता साधारण २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राच्या टेस्ला या एककाचा एक अब्जांश भाग) असते. कवचाचा वाटा बहुतेक ठिकाणी दहा-वीसपासून काही शे नॅनोटेस्लापर्यंत, म्हणजे जेमतेम एक टक्का किंवा त्याहून कमी असतो, आणि ४०० किमी. उंचीवर तर तो वीसेक नॅनोटेस्लाच्या आसपास उरतो. त्यामुळे येथे मोजणीपेक्षा वजाबाकीच अधिक अवघड आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. अर्थात अपवादही आहेत. रशियातील कुर्स्क परिसरात चुंबकसुईचे विलक्षण विचलन रशियन खगोलज्ञ प्योत्र इनोखोद्त्सेव यांच्या लक्षात आले ते १७७३ मध्ये, आणि त्याचे कारण असलेल्या लोहयुक्त क्वॉर्ट्‌झाइट खडकापर्यंत छिद्रण पोहोचले ते १९२३ मध्ये.

कवचाच्या चुंबकत्वाचा मुख्य वाहक मॅग्नेटाइट हे खनिज होय. सुमारे ५८०° से. या क्यूरी तापमानाच्या वर त्याचे चुंबकत्व नाहीसे होते, आणि खोलीबरोबर तापमान वाढत असल्याने खडकांचा चुंबकीय थर काही दशक किलोमीटरांवर संपतो. त्याखालचे उष्ण प्रावरण चुंबकीयदृष्ट्या जवळजवळ मुकेच असते. खडकाचे चुंबकत्व दोन प्रकारचे असते : आजच्या भूक्षेत्रामुळे उत्पन्न होणारे प्रवर्तित चुंबकत्व, आणि खडक थंड होताना त्या काळच्या क्षेत्राची दिशा पकडून ठेवणारे शेष चुंबकत्व. बेसाल्टसारख्या लाव्हाजन्य खडकांत दुसरा प्रकार पहिल्यावर सहज मात करतो. गाळाचे खडक बहुधा इतके अल्पचुंबकीय असतात की, त्यांच्या जाड थरांखाली गाडलेला अग्निज वा रूपांतरित तळखडक नकाशावर उघडा पडल्यासारखा दिसतो. तेलाच्या शोधात या पद्धतीला महत्त्व आले ते याच गुणामुळे.

विमानातून क्षेत्र मोजण्याचा प्रयत्न १९३६ मध्ये सोव्हिएत संघात झाला होता. परंतु त्या उपकरणाची अचूकता बेताचीच होती. व्हिक्टर व्हॅकियर यांनी विकसित केलेला फ्लक्सगेट चुंबकत्वमापक दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या हुडकण्यासाठी विमानांवर बसविला गेला, आणि १९४४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बॉयरटाउन येथे त्याचाच भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी उपयोग करण्यात आला. आज सीझियम बाष्पावर चालणारे मापक प्रचारात असून ते नॅनोटेस्लाच्या शतांशापर्यंतचा बदल टिपतात. विमान स्वतःच लोखंड, विद्युत्‌ प्रवाह आणि इंजिन यांनी भरलेले असल्याने मापक शेपटीच्या मागे काढलेल्या लांब दांडीच्या टोकाला ठेवतात किंवा केबलला बांधून खाली लोंबता सोडतात. तरीही विमानाचा दोष शिल्लक राहतोच. तो काढण्यासाठी काम सुरू होण्यापूर्वी वैमानिक उंचावर चारही दिशांना उड्डाण करून विमान मुद्दाम डावी-उजवीकडे कलवतो, नाक वर-खाली करतो आणि शेपूट हेलकावतो. या हालचालींत मापकाने दाखविलेला चढउतार हा विमानाचाच, जमिनीचा नव्हे, असे धरून त्याचे गणित बसविले जाते.

प्रत्यक्ष सर्वेक्षणात विमान काहीशे मीटर अंतरावरील समांतर रेषांवरून, खनिजशोधात बहुधा शंभर मीटरच्या आसपास उंची राखून, जाते. या रेषांना काटकोनात छेदणाऱ्या, अधिक विरळ बांधरेषाही उडविल्या जातात. छेदबिंदूंवर दोन्ही वेळचे आकडे जुळले पाहिजेत. न जुळल्यास काळाचा परिणाम आत शिरला आहे असे समजते. सूर्यामुळे आयनांबरात (वातावरणाच्या विद्युत्‌भारित वरच्या थरात) वाहणाऱ्या प्रवाहांनी क्षेत्र दिवसभरात दहा-वीस नॅनोटेस्लांनी सहज हलते. त्यासाठी जमिनीवर एक स्थिर मापक सतत चालू ठेवतात आणि चुंबकीय वादळाच्या दिवशी उड्डाणच रद्द करतात.

उंचीचा परिणाम मात्र कोणत्याही उपकरणाला टाळता येत नाही. विसंगतीची तरंगलांबी (नकाशावरील तिच्या एका पूर्ण चढउताराची लांबी) जितकी कमी, तितकी ती उंचीबरोबर झपाट्याने विरते. एक किमी. तरंगलांबीची विसंगती १५० मी. उंचीवर मूळच्या सुमारे ३९ टक्के, तर ४०० मी. उंचीवर ८ टक्केच उरते. उपग्रहाच्या ४०० किमी. उंचीवरून २,००० किमी. तरंगलांबीचा सुमारे २८ टक्के भाग दिसतो, ३०० किमी.चा मात्र चार हजारांत एक भागही नाही. गणिताने ही प्रतिमा पुन्हा जमिनीलगत उतरविता येते. पण तसे करताना खऱ्या संकेताबरोबर गोंगाटही तितक्याच पटींनी फुगतो.

उपग्रहांतून मिळालेल्या विसंगतींचा जागतिक नकाशा प्रथम १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो १९६५ ते १९७१ या काळातील ओगो या अमेरिकी मालिकेच्या उपग्रहांवर आधारलेला होता, आणि त्यांनी क्षेत्राची केवळ तीव्रता मोजली होती. ऑक्टोबर १९७९ मध्ये सोडलेल्या मॅगसॅट या अमेरिकी उपग्रहाने दिशाही मोजली. दिशा मोजायची तर उपकरणाचे तोंड कोणीकडे आहे हे तारे पाहून ठरवावे लागते, कारण ५०,००० नॅनोटेस्ला क्षेत्रात केवळ पाच विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) चूक एका नॅनोटेस्लाहून अधिक दोष निर्माण करते. मॅगसॅट आठ महिन्यांतच वातावरणात जळून गेला. त्यानंतर १९९९ मध्ये डेन्मार्कचा ओर्स्टेड आणि २००० मध्ये जर्मनीचा चँप आला. चँपने दहा वर्षे काम केले आणि त्याची कक्षा हळूहळू खालावत गेल्याने शेवटच्या वर्षांतील मोजणी कवचाच्या अभ्यासाला सर्वांत मोलाची ठरली. नोव्हेंबर २०१३ मध्ये सोडलेल्या स्वॉर्म या युरोपीय मोहिमेत तीन उपग्रह असून त्यांतील दोन विषुववृत्तावर सुमारे १५० किमी. अंतर ठेवून शेजारी-शेजारी भ्रमण करतात. दोघांच्या आकड्यांतील फरक घेतला की, दूरच्या प्रवाहांचा दोघांवर सारखाच पडणारा परिणाम बराचसा गळून जातो.

उपग्रहांच्या नोंदींपैकी रात्रीच्या आणि शांत दिवसांच्या नोंदीच प्रामुख्याने वापरतात. एवढे करूनही एक मर्यादा उरते : सुमारे २,५०० किमी.हून अधिक तरंगलांबीचे क्षेत्र गाभ्याचे की कवचाचे हे वेगळे करता येत नाही, कारण तेथे गाभ्याचे क्षेत्र कवचाला पूर्णपणे झाकून टाकते. दुसऱ्या टोकाला, अनेक वर्षांत वेगवेगळ्या उंचीवर झालेली हवाई सर्वेक्षणे एकमेकांना शिवताना त्यांतील काहीशे किलोमीटर तरंगलांबीचे चढउतार भरवशाचे राहत नाहीत. म्हणून लहान तरंगलांब्या विमानांच्या व जहाजांच्या मोजणीतून आणि मोठ्या उपग्रहांतून घेऊन २००७ मध्ये जगाचा पहिला एकत्रित विसंगती-नकाशा सिद्ध झाला. अशा नकाशातील प्रत्येक पट्टा भूवैज्ञानिक असतोच असे नाही. उड्डाणरेषांचे वा ध्रुवीय कक्षांचे ठसेही तेथे उमटतात.

महासागरात मात्र पट्टेच खरे ठरले. आइसलंडच्या दक्षिणेकडील रेक्यानेस कटकावर (सागरतळावरील पर्वतरांगेवर) १९६३ मध्ये झालेल्या हवाई सर्वेक्षणात कटकाच्या दोन्ही बाजूंना आरशातल्या प्रतिमेसारखे जुळणारे पट्टे मिळाले. त्याच वर्षी व्हाइन आणि मॅथ्यूज या ब्रिटिश भूवैज्ञानिकांनी मांडलेल्या, सागरतळ पसरत असताना भूक्षेत्राच्या उलटापालटी (उत्तर व दक्षिण चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल) खडकात नोंदल्या जातात, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले. मेक्सिकोतील चिक्शुलूब आघातविवराचा माग १९७८ च्या सुमारास असाच तेलशोधाच्या हवाई नोंदींतील अर्धवर्तुळाकार आकृतीवरून लागला.

अर्थ लावताना अडचण अशी की, एकच विसंगती उथळ व विस्तृत आणि खोल व आटोपशीर अशा भिन्न उगमांतून निर्माण होऊ शकते. शिवाय चुंबकीय विषुववृत्ताजवळ चुंबकीय खडकाच्या माथ्यावर क्षेत्र वाढण्याऐवजी घटलेले दिसते. मध्य आफ्रिकेतील बांगी विसंगती अशाच जागी आहे. ती उपग्रहांच्या उंचीवरूनही ठळक दिसते. तिचे मूळ प्राचीन उल्काघातात आहे की कवचात खोलवर शिरलेल्या कँब्रियनपूर्व अग्निज खडकांत, याबाबत मात्र अद्याप एकमत नाही.